‘तुमच्या कामात वेगळेपण नाही’ असं कंपनी म्हणते तेव्हा

प्रिय ताई,

मी स्वतंत्रपणे काम करणारी चित्रकार आहे. कापडासाठी, वह्यांसाठी नक्षी काढते. दोन वर्षांपूर्वी मी गवतातल्या पक्ष्यांची एक नक्षी केली. अकरा पक्षी, सगळे ब्रश आणि शाईनं काढलेले. ती माझ्या पेजवर टाकली, थोडी छापून विकलीही. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीतून मेल आला, तुमचा पोर्टफोलिओ बघायचा आहे म्हणून. मी बारा फाइली पाठवल्या, त्यात ही नक्षी होती. पुढे काहीच उत्तर आलं नाही. मागच्या महिन्यात मैत्रिणीनं फोटो पाठवला: त्या कंपनीच्या उशांच्या अभ्र्यांवर माझेच पक्षी! रंग बदललेत, दोन पक्षी उलट वळवलेत, एक गाळलाय. मी रागाच्या भरात लांबलचक मेल लिहिला. अकरा दिवसांनी उत्तर आलं: ‘हे डिझाइन आमच्या टीमनं स्वतंत्रपणे तयार केलं आहे. पक्षी आणि गवत हे विषय सर्वत्र आढळतात. तुमच्या नक्षीत दखल घेण्याजोगं वेगळेपण आढळत नाही.’

तेव्हापासून मी ब्रश हातात घेतलेला नाही. घरचे म्हणतात, सोडून दे, एवढ्या मोठ्यांशी कोण भांडणार. मित्र म्हणतात, सोशल मीडियावर धू त्यांना. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. आणि खरं सांगू? आता मला वाटायला लागलंय की त्यांचंच बरोबर असेल. नवीन काम कुठे दाखवायचीही भीती वाटते. काय करू?

— पक्षीवाली

प्रिय पक्षीवाली,

ताई म्हटलंस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले: ‘त्यांचंच बरोबर असेल.’ अभ्रे, वकील, पैसे यांचं बोलूच. पण आधी या ओळीचं बघू, कारण ती मनात ठेवून तू एकही मेल धड लिहू शकणार नाहीस.

‘वेगळेपण आढळत नाही’ हे वाक्य तू तुझ्या चित्रावरचा अभिप्राय म्हणून वाचलंस. चित्रकाराला दुसरं काय सुचणार म्हणा. पण हे वाक्य चित्र पाहणाऱ्याचं नाही, तक्रार मिटवणाऱ्याचं आहे. जुलै २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्यूझडे बासेन या चित्रकर्तीनं झारा या कपड्यांच्या बड्या कंपनीच्या वकिलांचं उत्तर जगासमोर ठेवलं होतं. तिनं केलेल्या पिना आणि पॅच यांच्याशी जुळणाऱ्या गोष्टी झाराच्या मालावर दिसत होत्या. उत्तरात काय होतं? तिच्या डिझाइनमध्ये वेगळेपणाचा अभाव आहे, त्यामुळे ती पाहून लोकांना तिची आठवण होईल असं वाटत नाही. शिवाय झाराच्या साइटवर येणाऱ्या लोकांच्या मानानं तक्रार करणारे अगदी मूठभर, असाही सूर होता. बोभाटा झाल्यावर झाराच्या मूळ कंपनीनं, इंडिटेक्सनं, त्या वस्तूंची विक्री थांबवल्याचं आणि चौकशी सुरू केल्याचं सांगितलं. तिचं काम तेच होतं. फक्त ते किती जणांना दिसलं, एवढंच बदललं.

आता त्या ‘वेगळेपण’ शब्दाची फोड करू. ‘ही खूण पाहून लोकांना कोण आठवतं’ हा ट्रेडमार्कचा प्रश्न आहे. तू ट्रेडमार्कचा दावा केलाच नव्हतास. तुझा प्रश्न कॉपीराइटचा, आणि तो साधारण असा असतो: हे तुझ्या हातातून उतरलं का? दुसऱ्या कुणाचं पाहून उतरवलेलं नाही ना? आणि समोरच्यानं त्यातलं तुझं असं काही उचललं का? त्यासाठी तू प्रसिद्ध असावं लागत नाही. जगात आधी कुणी पक्षी काढलेला नसावा, असंही नाही. म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं आणि विचारलेल्याचं दिलंच नाही. ते उत्तर तू पदरात पाडून घेऊन दोन आठवडे रडलीस. आता ते त्यांचं त्यांना परत करायचं.

हे मी इतक्या खात्रीनं का सांगते, तर मी त्या बाजूला बसलेली आहे. पूर्वी एका मोठ्या कंपनीच्या डिझाइन विभागात मी काही वर्षं नोकरी केली. आमच्या टेबलांच्या मागे एक लांबलचक बोर्ड होता. हंगाम सुरू होण्याआधी त्यावर प्रिंटआउट लागायचे. काही फॅशन शोचे, काही जुन्या कापडांचे, आणि बरेचसे तुझ्यासारख्यांच्या पेजवरून काढलेले. नावाची पट्टी कापलेली असायची. वरच्या साहेबांची सूचना ठरलेली: ‘हेच, पण आपलं करून.’ तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एक आकडा होता, ३० टक्के. तीस टक्के बदललं की झालं आपलं. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तीस टक्के मोजायचे तरी कशाचे? पण आम्ही मोजायचो. मी स्वतः एका फुलाच्या पाच पाकळ्यांच्या सहा केल्या आहेत, देठ डावीकडून उजवीकडे वळवला आहे आणि खाली माझ्या नावाचं लघुरूप घालून फाइल पुढे पाठवली आहे. ते फूल कुणाचं होतं, ते मला आजही माहीत नाही. त्याची लाज वाटते, आणि तुझ्या पत्राला एवढं मोठं उत्तर लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

त्या अनुभवातून दोन गोष्टी तुझ्या कामाच्या. पहिली म्हणजे, ‘स्वतंत्रपणे तयार केलं’ असं लिहिणाऱ्याला बहुधा काहीच ठाऊक नसतं. नक्षी कधी आतल्या माणसानं केलेली असते, कधी बाहेरच्या प्रिंट स्टुडिओकडून विकत घेतलेली, कधी माल बनवणाऱ्या व्हेंडरनंच दाखवलेली. व्हेंडरनं आम्हाला फसवलं, ही सबब बहुतेक देशांत कंपनीला जबाबदारीतून सोडवत नाही. भरपाई किती, एवढ्यावर तिचा परिणाम होऊ शकतो. म्हणून त्यांना विचार: नक्षी कुणी आणली, कोणत्या तारखेला, आधीची कच्ची रेखाटनं कुठे आहेत? स्वतंत्रपणे केलेल्या कामाला पाऊलखुणा असतात. दुसरी गोष्ट, तुझ्या बारा फाइलींचा तो मेल. समोरच्यानं तुझं काम पाहिलंच होतं, हे सिद्ध करताना लोकांच्या नाकी नऊ येतात. तुझ्याकडे ते तारखेसकट लेखी आहे. तो मेल पुसू नकोस, फॉरवर्ड करत बसू नकोस. जसा आहे तसा, सगळ्या तांत्रिक मथळ्यासह (कुणी, कधी, कुठून पाठवला याची मेलमधली नोंद), उतरवून ठेव.

आता थोडं कठोर बोलते. त्यांच्या उत्तरातला एक भाग खरा आहे. पक्षी आणि गवत तुझे नाहीत. ब्रशच्या कोरड्या फटकाऱ्यांची शैलीही तुझ्या एकटीची नाही. कल्पना आणि शैली यांच्यावर कुणाची मालकी नसते, आणि नसते तेच बरं, नाहीतर तू आणि मी काहीच काढू शकलो नसतो. तुझं आहे ते नेमकं रूप: हाच पक्षी, अशीच मान, शेजारच्याशी एवढंच अंतर.

ही रेघ कशी ओढली जाते याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. चित्रकार सॉल स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकन मासिकासाठी एक मुखपृष्ठ केलं. मॅनहॅटनच्या रस्त्यावरून पश्चिमेला पाहिलं की समोरच्या काही गल्ल्या आणि इमारती मोठ्या, तपशीलवार, आणि नदीपलीकडचं सगळं जग चिमुकलं. १९८४ साली कोलंबिया पिक्चर्सच्या ‘मॉस्को ऑन द हडसन’ या चित्रपटाचं पोस्टर निघालं. तोच थाट, फक्त नजर पूर्वेकडे, पलीकडे युरोप आणि मॉस्को. १९८७ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयानं निकाल स्टाइनबर्ग यांच्या बाजूनं दिला. आपल्या गावापुढे जग ठेंगणं दिसतं ही कल्पना कुणाचीही असू शकते, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. मग ते तपशिलात शिरले. इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या, गाड्या, पार्किंगवरची लाल पाटी, खिडक्यांचे आकार, अक्षरांचं वळण. काही नक्षीकाम तर उचलून दुसऱ्याच जागी बसवलेलं होतं. तरी ते उचललेलंच ठरलं. आणि पोस्टर करवून घेणाऱ्यानंच कबूल केलं होतं की स्टाइनबर्गचं चित्र त्यानं संदर्भाला घेतलं होतं.

तुझे दोन पक्षी उलट वळवलेत ना? हे वाचून तुला थोडा धीर यावा.

आता तूही न्यायाधीशांसारखं तपशिलात शिरायचं. अभ्र्याचा एक नग विकत घे. हो, पैसे देऊन. बिल, पाकीट, आतली शिवलेली पट्टी, तिच्यावरचा कोड, सगळं जपून ठेव, धुऊ नकोस. त्यावरची नक्षी सपाट स्कॅन कर, तुझ्या मूळ चित्राच्या मापाची करून प्रिंट काढ आणि उजेडाच्या काचेवर एकावर एक ठेव. उलटे वळवलेले पक्षी आरशातल्यासारखे फिरवून बघ. आणि चुका शोध. नकाशे करणारे पूर्वी मुद्दाम एखादा नसलेला रस्ता नकाशात घालून ठेवायचे, कारण खरा रस्ता कुणालाही मोजता येतो, पण नसलेला रस्ता फक्त नकलेतच उतरतो. आपल्या हातच्या चुका तसंच काम करतात, मुद्दाम न घालता. पत्रासोबत तू तुझ्या नक्षीचा आणि अभ्र्याचा असे दोन फोटो पाठवलेस, त्या दोन्हींत मला एक जागा दिसली: खालून चौथ्या पक्ष्याच्या शेपटीत ब्रशचे केस फाकून मधे एक बारीक पांढरी फट राहिली आहे, माशाच्या काट्यासारखी. अभ्र्यावर तो पक्षी गेरूच्या रंगात आहे, पण फट तिथेच आहे, तेवढीच. शून्यातून सुरुवात केलेल्या माणसाच्या ब्रशचे केस नेमके तिथेच कसे फाकतील? अशा आणखी तीन जागा सापडल्या, तर तुझं पत्र निम्मं लिहून झालं.

बाकीचा पुरावा गोळा करायला एक आठवडा घे आणि त्या आठवड्यात कुणालाही काही लिहू नकोस, कंपनीला नाही, पेजवरही नाही. त्यांच्या साइटवरचं ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानं तारखेसकट जपून ठेवणाऱ्या साइटवर, जतन करून टाक. उद्या ते काढलं गेलं, तर तारखेसकट साक्ष राहील. स्वतःच्या मूळ फाइली उघडून सेव्ह करू नकोस, बदलाची तारीख पुढे सरकते. त्यांची प्रत काढ आणि प्रतीवर काम कर. स्केचबुकातली पानं फाडू नकोस, आख्खं स्केचबुक ठेव. चुकलेले पक्षी, खोडलेले पक्षी, चहाचा डाग पडलेलं पान, सगळं. शेवटच्या देखण्या फाइलीपेक्षा या पसाऱ्याचं मोल इथे जास्त आहे, कारण तो कंपनीकडे असूच शकत नाही. आणि कुणी सांगेल की चित्र पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठव म्हणजे हक्क मिळतो, तर तसा हक्क मिळत नाही.

हक्क तुला आधीच मिळालाय. १८८६ च्या बर्न करारानुसार चित्र कागदावर उतरलं की त्यावर तुझा कॉपीराइट असतो, नोंदणी किंवा शिक्का काही लागत नाही. १८० हून अधिक देश त्या करारात आहेत. तू कुठल्या देशात आहेस आणि कंपनी कुठली, ते लिहिलं नाहीस. हक्क बजावायच्या वाटा मात्र देशागणिक वेगळ्या, म्हणून वकिलाला काय विचारायचं एवढं सांगते. अमेरिकेत तिथल्या कामासाठी खटल्याआधी नोंदणी लागते. बाहेरच्या देशातल्या कामाला खटल्यासाठी ती अट नाही, पण कायद्यानं ठरवून दिलेली भरपाई, म्हणजे एका कामामागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलं असेल तर १,५०,००० पर्यंत, हवी असेल तर नोंदणी वेळेत झालेली असावी लागते. नक्कल सुरू होण्याआधी, किंवा काम प्रसिद्ध झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत. युरोपीय संघात न नोंदवलेल्या डिझाइनलाही संरक्षण असतं, पण ते फक्त ३ वर्षांचं, आणि ते डिझाइन तिथे पहिल्यांदा लोकांसमोर आल्यापासून मोजतात. तुझी दोन वर्षं गेलीत. कंपनी तिथे माल विकत असेल, तर हे पहिल्या भेटीतच विचार.

भारतात एक वेगळीच अडचण आहे आणि ती बऱ्याच कलाकारांना उशिरा कळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १५ वं कलम म्हणतं की डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी गोष्ट नोंदवली नाही, आणि तुझ्याकडून किंवा तुझ्या परवानगीनं औद्योगिक पद्धतीनं तिच्या ५० हून अधिक वस्तू निघाल्या, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. मूळ कलाकृती कुठे संपते आणि वस्तूवरचं डिझाइन कुठे सुरू होतं, यावर न्यायालयांत खूप खल झाला आहे, २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातही. तुझं काम आधी चित्र म्हणून कागदावर जन्मलं, हे तुझ्या बाजूचं आहे. तरी ‘थोडी छापून विकली’ म्हणजे नेमके किती नग, ते बिलं काढून मोज. हा आकडा वकिलापासून लपवू नकोस.

वकिलाच्या पैशांचं म्हणशील, तर पूर्ण खटल्याचे पैसे तुला आज लागत नाहीत. तासाभराच्या सल्ल्याचे लागतील. तेही नसतील तर कायद्याच्या महाविद्यालयांतली विनामूल्य सल्ला केंद्रं बघ, कलाकारांच्या संघटनांना विचार. न्यूयॉर्कमध्ये कलाकारांना फुकट मदत करणाऱ्या वकिलांची ‘व्हॉलंटिअर लॉयर्स फॉर द आर्ट्स’ ही संस्था १९६९ पासून आहे, आणि त्या धर्तीची कामं इतरत्रही चालतात. लहान दाव्यांसाठी काही ठिकाणी सोपी दारं आहेत. इंग्लंडमध्ये बौद्धिक संपदेच्या न्यायालयात १०,००० पौंडांपर्यंतच्या दाव्यांचा वेगळा मार्ग आहे. अमेरिकेत २०२२ पासून कॉपीराइट क्लेम्स बोर्ड आहे, वकिलाशिवाय जाता येतं, मर्यादा ३०,००० डॉलर. मात्र तिथे समोरचा ६० दिवसांत ‘मला इथे यायचं नाही’ म्हणू शकतो. कागदपत्रं तारखेप्रमाणे लावून, दोन पानांची हकीकत लिहून गेलीस, तर त्या एका तासाचं चीज होतं. रडायला मी आहे, मैत्रिणी आहेत. वकिलाचा तास रडण्यात घालवू नकोस.

त्याआधी एक काम तुझं एकटीचं आहे. तुला काय हवंय ते एका ओळीत लिही. अभ्रे बाजारातून जायला हवेत? झालेल्या विक्रीचा मोबदला हवाय? नाव हवंय? माफी हवी आहे? तुझ्या पहिल्या मेलमध्ये, तू म्हणतेस तसा तो ‘लांबलचक’ असेल तर, मला वाटतं सगळ्यांत ठळक मागणी माफीची असणार. मी ते समजू शकते. पण माफी ही कंपनीला सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट असते, कारण ती कबुली ठरते. पैसे ते देतात, माल गुपचूप काढतात, पण चुकलो म्हणत नाहीत. माफीवर अडून बसलीस, तर मिळण्याजोगंही हातचं जाईल. माझं मत विचारशील तर मोबदला माग, आणि आकडा घालून माग. आकडा नसलेली तक्रार ग्राहक सेवेच्या टोपलीत पडते. आकडा घातलास की ती कायदा विभागाच्या टेबलावर जाते. आकडा कुठून आणायचा? यापूर्वी कुणाला नक्षी वापरायला दिली असशील, त्या बिलातून. त्या वेळी किती नगांसाठी, किती काळासाठी, किती घेतलेस, त्या हिशेबानं वर चढव. परवानगी न घेता वापरलं म्हणून त्याच्या काही पट मागणं रीतसर आहे.

पत्र छोटं असू दे. साधारण असं:

‘सोबत जोडलेली नक्षी मी अमुक तारखेला पूर्ण केली आणि अमुक तारखेला प्रसिद्ध केली. अमुक तारखेला आपल्या कंपनीतून आलेल्या मागणीवरून तिची फाइल मी आपल्याला पाठवली, तो मेल जोडला आहे. आपल्या अमुक क्रमांकाच्या उत्पादनावरील नक्षीत पुढील सात ठिकाणी तोच तपशील आहे, चित्रं जोडली आहेत. या वापराला मी परवानगी दिलेली नाही. विक्री थांबवावी, आजवर विकलेल्या नगांची संख्या कळवावी आणि अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत द्यावी. आपल्या टीमनं हे स्वतंत्रपणे केलं असल्यास कच्ची रेखाटनं आणि त्यांच्या तारखा पाठवाव्यात. माझे सर्व हक्क राखून.’

‘चोर’ हा शब्द नको. ‘बघून घेईन’ नको. काही देशांत बिनबुडाच्या कायदेशीर धमक्या देणाऱ्यावरच उलट दावा लावता येतो, म्हणून जे सिद्ध करता येईल तेवढंच. शक्य असेल तर पाठवण्याआधी त्या एका तासात वकिलाकडून वाचून घे. आणि ते ग्राहक सेवेला नाही, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, कायदा विभागाच्या नावे पाठव.

मित्र म्हणतात धू त्यांना. त्यांचं प्रेम आहे तुझ्यावर, आणि गवगव्यात ताकद असते हे बासेनच्या बाबतीत दिसलंच. मार्च २०१८ मध्ये तर उलटंच घडलं होतं. रेव्होक या भित्तिचित्रकारानं आपलं चित्र जाहिरातीत दिसतंय म्हणून पत्र पाठवलं, तर एचअँडएम या कपड्यांच्या कंपनीनं त्याच्याविरुद्धच न्यायालयात धाव घेतली. भिंतीवर बेकायदा काढलेल्या चित्राला कॉपीराइटच नाही, असं त्यांचं म्हणणं. कलाकार मंडळी एवढी खवळली की काही दिवसांत कंपनीनं दावा मागे घेतला. तर हे शस्त्र खरं आहे. पण ते एकदाच चालतं. तू अजून गप्प आहेस, हीच वाटाघाटीतली तुझी किंमत आहे. आज सगळं बोलून टाकलंस, की त्यांना तुझ्याशी बोलण्याचं एक मोठं कारण संपलं. म्हणून क्रम असा ठेव: पुरावा, पत्र, ठरावीक मुदत, वकिलाचं पत्र, आणि तरीही दाद नाही मिळाली तर पोस्ट. पोस्टमध्ये दोन चित्रं शेजारी-शेजारी, दोन तारखा आणि त्यांच्या उत्तरातली ती ओळ. विशेषणं वाचणाऱ्यांना घालू दे. दुकानातल्या विक्रेत्यांना त्रास देऊ नका, असं आवर्जून लिही. त्या पोरांनी तुझं काही घेतलेलं नाही.

वाट बघताना एक काम कर. त्या कंपनीच्या बाकीच्या नक्षी चाळ आणि चित्र शोधणाऱ्या साधनांत टाकून बघ. ज्यांनी तुझे पक्षी घेतले, त्यांनी दुसऱ्या कुणाची पानं-फुलं घेतली असण्याची दाट शक्यता आहे. दोघी-तिघी सापडल्या तर वकील एक, खर्च वाटून, आणि ‘योगायोग’ म्हणणं कंपनीला अवघड. अठराव्या शतकातले इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ यांची चित्रं लंडनचे छापखानेवाले बेधडक छापून विकायचे, तेव्हा त्यांनी आणखी चित्रकारांना बरोबर घेऊन संसदेकडे अर्ज केला. १७३५ साली कायदा झाला, चित्रकाराला १४ वर्षांचा हक्क मिळाला. कायदा लागू होईपर्यंत होगार्थनी आपली नवी चित्रमालिका छापायची रोखून धरली होती. तरी काही जण त्यांच्याकडे गिऱ्हाईक बनून आले, चित्रं डोळ्यांत साठवून गेले आणि आठवणीतून नकला काढून बाजारात आणल्या. तुझ्या बारा फाइली मागणारा मेल वाचताना मला तेच आठवलं.

तडजोडीचा कागद आला, तर आनंदाच्या भरात सही करू नकोस. तीन जागा वाच. मोबदल्याच्या बदल्यात ते वापराचा परवाना घेतायत की नक्षीची मालकीच लिहून घेतायत? ‘आजवरचे व पुढचे सर्व दावे सोडले’ असं आहे का? आणि कायमचं तोंड बंद ठेवायची अट असेल, तर त्याची किंमत रकमेत धरली आहे का? मालकी देऊ नकोस. बाकी दोन्हींवर घासाघीस होते.

घरच्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वर्षानुवर्षं चालणारा खटला तुझ्यासाठी नाही, असं वकिलाशी बोलून ठरलं, तर त्यात काही कमीपणा नाही. मी ओळखते अशी माणसं, ज्यांनी एका नक्षीपायी सहा वर्षं दिली आणि त्या सहा वर्षांत एकही नवीन चित्र काढलं नाही. आधीच मर्यादा आखून घे: तुझं एक पत्र, वकिलाचं एक पत्र, अमुक एवढा खर्च, अमुक महिना. त्यापुढे थांबायचं की जायचं, ते तेव्हा ठरव. पण मागायच्या आधीच सोडून देणं, हे मला मान्य नाही. घरच्यांना हे पत्र वाचून दाखव हवं तर.

राहता राहिली नवीन कामाची भीती. दाखवणं बंद केलंस तर काम मिळणं बंद होईल, म्हणून दाखवायचं, पण जरा वेगळ्या रीतीनं. पेजवर कमी मापाची चित्रं टाक, रिपीट, म्हणजे नक्षीचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, पूर्ण दिसेल अशी नक्षी टाकू नकोस, नाव कोपऱ्यात नाही तर पक्ष्यांच्या मधोमध, गवतात विणून घाल. कोपरे कापले जातात, मी कापले आहेत. कंपनीनं पोर्टफोलिओ मागितला तर फाइली नकोत, बघता येईल अशी लिंक दे आणि सोबत दोन ओळी: ही कामं परवान्यासाठी उपलब्ध आहेत, लेखी करारावाचून वापर नाही. जिथे डिझाइनची नोंदणी नवेपणावर अवलंबून असते, तिथे आधी अर्ज आणि मग पोस्ट. उलटं केलंस तर तुझीच पोस्ट तुझ्या आड येऊ शकते.

पत्राच्या तळाशी, इथे न छापलेल्या ओळीत, तू पाणपक्ष्यांचा उल्लेख केला होतास, सात झाले आणि आठवा अर्धा राहिलाय म्हणून. तो ह्या आठवड्यात पूर्ण कर. फाकलेल्या केसांचा तोच ब्रश घे. कागदाच्या मागे तारीख घाल, आणि मला फोटो पाठवताना पुरतं चित्र पाठवू नकोस, एक कोपरा पुरे.

तुझी ताई